तोंड वेडंवाकडं करून धावणारा एमिल

घंटा वाजते, शेवटचा लॅप सुरू होतो. २४ जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिम्पिक, ५,००० मीटरची फायनल. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक मुसंडी मारतो आणि तुम्हाला वाटतं, संपली रेस. पण पलीकडच्या सरळ पट्ट्यात ब्रिटनचा चॅटअवे, जर्मनीचा शाडे, फ्रान्सचा मिमून असे तिघेही त्याला मागे टाकतात. झाटोपेक चौथा! मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं, चेहऱ्यावर पोटात कळ आल्यासारखे भाव. आणि मग शेवटच्या वळणावर हा गडी बाहेरच्या बाजूने, म्हणजे जास्तीचं अंतर कापत, तिघांनाही ओलांडतो. त्याच वळणावर चॅटअवे ट्रॅकच्या कडेला अडखळून पडतो. झाटोपेकची वेळ १४ मिनिटं ६.६ सेकंद. मिमून दुसरा, शाडे तिसरा, आणि धडपडत उठलेला चॅटअवे पाचवा. या रेसची जुनी फिल्म कुठे मिळाली तर नक्की बघा.

चार दिवस आधी त्याने १०,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं. ५,००० झाल्यावर त्याच दुपारी त्याची बायको डाना हिने भालाफेकीत सुवर्ण घेतलं. (दोघांचा जन्मही एकाच दिवशीचा, १९ सप्टेंबर १९२२.) आणि तीन दिवसांनी एमिल चक्क मॅरेथॉनमध्ये उतरला, आयुष्यात पहिल्यांदा. तीही जिंकला. एकाच ऑलिम्पिकमध्ये या तिन्ही रेस जिंकणं त्याच्याआधी कुणाला जमलं नव्हतं, त्याच्यानंतरही जमलेलं नाही. आपले खाशाबा जाधव कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले ते याच हेलसिंकीहून.

तुम्हाला वाटेल, लहानपणापासून धावत असेल. छे! सुताराच्या घरातला हा मुलगा सोळाव्या वर्षाच्या आसपास झ्लिन गावातल्या बूट कारखान्यात कामाला लागला. कारखाना कुणाचा? बाटाचा. हो, तेच बाटा, ज्यांचे शाळेचे बूट आपण झिजवले. कारखान्याच्या शर्यतीत धावायला सांगितलं तेव्हा त्याने तब्येतीचं कारण पुढे करून टाळायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी ठणठणीत असल्याचं सांगितलं, मग नाइलाजाने धावला आणि शंभर जणांत दुसरा आला.

पुढे त्याने सराव स्वतःच्याच डोक्याने बसवला. ४०० मीटर जोरात, मग थोडं हळू, परत जोरात, असं वीस-वीस वेळा. नंतर हा आकडा कितीतरी वाढला. सैन्यात असताना जड बूट घालून जंगलात, बर्फातही पळायचा. लोकांना हा प्रकार वेडेपणाचा वाटायचा. आज कुठल्याही कोचला विचारा, इंटरव्हल ट्रेनिंगशिवाय पान हलत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने १०,००० मीटरचं सुवर्ण घेतलं, पण ५,००० मध्ये बेल्जियमच्या राइफने फक्त ०.२ सेकंदाने हरवलं.

पण मला विचाराल तर त्याची सगळ्यात अवघड शर्यत हेलसिंकीला जायच्या आधीची होती. देशात कम्युनिस्ट राजवट होती. १,५०० मीटर धावणारा त्याचा संघातला सोबती स्तानिस्लाव युंगविर्थ याचं नाव ऐन वेळी कापलं गेलं, कारण त्याचे वडील राजकीय कैदी होते. झाटोपेकने सांगून टाकलं की तो नसेल तर मीही येणार नाही. आणि खरंच, विमान त्याच्याविनाच उडालं. तो सैन्यातला अधिकारी होता हे लक्षात घ्या. तुरुंग, बडतर्फी, काहीही होऊ शकलं असतं. तीन पदकांचं पणाला लागणं तर वेगळंच. अखेर सरकार नमलं आणि दोघेही हेलसिंकीला पोहोचले.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. नावावर जागतिक विक्रमांची रांग, पण ऑलिम्पिक सुवर्ण एकही नाही. निघताना झाटोपेकने त्याच्या हातात एक पुडकं दिलं. क्लार्कने नंतर उघडून पाहिलं तर आत १९५२ चं १०,००० मीटरचं सुवर्णपदक!

दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. झाटोपेक सुधारणांच्या बाजूने होता, सही करून मोकळा झालेला. तो रस्त्यावर उतरला, सैनिकांशी बोलला, उघडपणे विरोध केला. या वेळी सरकार नमलं नाही. पक्षातून काढलं, सैन्यातून काढलं. चार ऑलिम्पिक सुवर्णं जिंकलेला माणूस गावोगाव जमिनीत बोअर मारणाऱ्या टोळीसोबत राबू लागला, डानापासून लांब, गाडीतल्या खोलीत झोपू लागला. १९७१ मध्ये त्याने जाहीरपणे आपली आधीची भूमिका मागे घेतली.

काही जुन्या साथीदारांना हे झोंबलं आणि त्यांचंही चूक नव्हतं, त्यांनी स्वतः किंमत मोजली होती. पण १९५२ मध्ये जो अडून बसला तोच १९७१ मध्ये वाकला, यातला खरा एमिल कोणता, असं विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्ही त्याचेच.

पुढे त्याला प्रागमध्ये कारकुनी काम मिळालं. परदेशी क्रीडा मासिकं वाचायची आणि सरावाच्या नव्या पद्धतींवर काही सापडलं तर त्याची नोंद करायची. नोव्हेंबर २००० मध्ये तो प्रागमध्येच गेला. डाना त्यानंतर एकोणीस वर्षांहून थोडी जास्त जगली.