पितळेवर अंश कोरणारा कारागीर

अठराव्या शतकात खोल समुद्रात शिरलेल्या जहाजाचे भवितव्य पितळेच्या कमानीवर कोरलेल्या बारीक रेघांवर अवलंबून असे. किनारा दिसेनासा झाला की सूर्य क्षितिजापासून किती वर आहे, चंद्र एखाद्या ताऱ्यापासून किती दूर आहे, हे मोजूनच नाविकाला आपला ठावठिकाणा शोधावा लागे. हे कोन मोजणारे साधन म्हणजे सेक्स्टंट. दोन आरसे, एक छोटी दुर्बीण आणि वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी कमान, एवढाच त्याचा पसारा. परंतु कमानीवरची रेघ केसभर जरी सरकली, तरी जहाज खडकावर आदळण्याचा धोका असे. या रेघा अचूक आणि सर्वांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय जेसी रॅम्सडेन या इंग्रज कारागिराकडे जाते.

रॅम्सडेनचा जन्म १७३५ मध्ये यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्सजवळ झाला. वडील खानावळ चालवीत. मुलाला कापडाच्या धंद्यात घालण्यात आले आणि विशीच्या सुमारास तो लंडनला एका कापडाच्या वखारीत कारकून म्हणून आला. गणिती उपकरणांची ओढ मात्र त्याला स्वस्थ बसू देईना. ज्या वयात इतर कारागीर स्वतःचे दुकान थाटतात, त्या वयात त्याने उपकरणे बनवणाऱ्याकडे नव्याने उमेदवारी पत्करली. काही वर्षांतच तो स्वतंत्र व्यवसाय करू लागला. प्रख्यात भिंगनिर्माते जॉन डोलंड यांच्या कन्येशी, सारा हिच्याशी, त्याचा विवाह झाला.

त्या काळी कमानीवरचे अंश हाताने कोरले जात. हे काम साधणारे कारागीर मोजके, त्यामुळे उत्तम उपकरण महाग आणि दुर्मीळ. त्यातच समुद्रावर रेखांश काढण्यासाठी चंद्राचे ताऱ्यांपासूनचे कोनीय अंतर मोजण्याची पद्धत रूढ होऊ लागली होती. या मोजणीत अंशाच्या साठाव्या भागाची, म्हणजे एका कलेची चूक झाली, तर रेखांश सुमारे अर्ध्या अंशाने चुके. विषुववृत्ताजवळ ही चूक तीस सागरी मैलांची. शिवाय सेक्स्टंटमध्ये किरण आरशावरून परावर्तित होत असल्याने कमानीवरचा अर्धा अंश एक अंश म्हणून वाचला जातो. साहजिकच कोरण्यातला दोष वाचताना दुप्पट होई.

रॅम्सडेनने यावर यंत्राचा तोडगा शोधला. त्याचे पहिले विभाजन यंत्र त्याला समाधान देऊ शकले नाही. दुसरे १७७० च्या दशकाच्या मध्यास सिद्ध झाले. पंचेचाळीस इंच व्यासाच्या चाकाच्या कडेला २,१६० दाते आणि त्यात अडकणारा एक स्क्रू, अशी त्याची रचना होती. स्क्रूचा एक फेरा झाला की चाक नेमके दहा कलांनी सरके. चाकावर बसवलेल्या सेक्स्टंटच्या कमानीवर त्यानुसार रेघ ओढली जाई. पायाने चालणाऱ्या या यंत्रामुळे एक कमान अर्ध्या तासाच्या आत तयार होऊ लागली, तीही असामान्य कौशल्य नसलेल्या माणसाच्या हातून.

हे गुपित जपून रॅम्सडेनला बाजारावर मक्तेदारी गाजवता आली असती. परंतु १७७७ मध्ये ब्रिटनच्या रेखांश मंडळाने यंत्राची मालकी आणि बक्षीस मिळून त्याला ६१५ पौंड दिले आणि त्याने यंत्राचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. इतर कारागिरांना हे तंत्र शिकवण्याची, त्यांचे सेक्स्टंट सहा शिलिंगांत कोरून देण्याची अटही त्याने मान्य केली. ज्ञान खुले झाले आणि अचूक सेक्स्टंट सामान्य नाविकांच्याही हाती पोचू लागले.

गंमत अशी, की जगाला अचूकता देणारा हा माणूस स्वतः मात्र कधीच वेळ पाळत नसे. मनासारखे उतरले नाही की तो काम मोडून पुन्हा आरंभ करी. जनरल विल्यम रॉय यांना ग्रीनिच आणि पॅरिस वेधशाळांना जोडणाऱ्या सर्वेक्षणासाठी हवा असलेला थिओडोलाइट तीन वर्षांनी मिळाला. त्यांनी जाहीरपणे नाराजी नोंदवली. पण उपकरण हाती आले, की त्याच्या तोडीचे दुसरे नसे. पालेर्मोच्या वेधशाळेसाठी त्याने १७८९ मध्ये पूर्ण केलेल्या वर्तुळयंत्राच्या साहाय्याने जुझेप्पे पियाझ्झी यांना १ जानेवारी १८०१ रोजी सेरेसचा शोध लागला. तो ऐकण्यास रॅम्सडेन हयात नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी, ५ नोव्हेंबर १८०० रोजी, ब्रायटन येथे त्याचे निधन झाले होते. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १७९५ चे कोप्ली पदक त्याला लाभले. मोठी संपत्ती मात्र त्याने मागे ठेवली नाही.

त्याच्या कामाचा धागा भारतापर्यंतही पोचला. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजताना विल्यम लॅम्बटन यांनी वापरलेली शंभर फुटी पोलादी साखळी रॅम्सडेनचीच होती. पुढे भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात रूपांतरित झालेले हे काम उत्तरेकडे सरकत असतानाच, १८२३ मध्ये, लॅम्बटन यांचे विदर्भातील हिंगणघाट येथे निधन झाले. आज जहाजांना उपग्रह दिशा दाखवतात आणि पितळी सेक्स्टंट संग्रहालयांच्या काचेआड विसावले आहेत. त्यांच्या कमानीवरच्या रेघा नीट पाहिल्या, की उशीर पत्करूनही चुकीला थारा न देणाऱ्या त्या कारागिराची आठवण होते.