मुक्यांस वाणी देणारा संपादक

अन्याय केवळ दंडुक्याच्या बळावर टिकत नाही. गांजलेल्याचे गाऱ्हाणे चव्हाट्यावर येऊच न देणे, हाही तो टिकविण्याचा खात्रीचा उपाय आहे. हे वर्म डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी ऐन तारुण्यात ओळखले. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांस सारेच वंदितात. संपादक म्हणून त्यांनी उपसलेले कष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असतात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. परदेशी विद्या संपादून १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पण विद्येनेही अस्पृश्यतेचा शिक्का पुसला नाही. शाहू छत्रपतींच्या अडीच हजार रुपयांच्या साह्याने ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' पाक्षिक काढले. पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे डॉक्टरसाहेब विद्याभ्यासार्थ लंडनला गेले व १९२३ साली ते पत्र बंद पडले.

तथापि त्यांनी हाय खाल्ली नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी अनुयायांसह प्राशन केले, आणि अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू केले. तळ्यावरील कृतीचा अर्थ विरोधकांनी लावावा व आपण मुकाट ऐकावा, हे त्यांस मान्य नव्हते. मदतनीस ठेवण्यास द्रव्य नसल्याने रकानेच्या रकाने ते स्वतःच लिहीत. १९३० साली 'जनता' निघाले. तेच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी व संपादक दु बॉइस यांस १९४६ साली पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे त्या समाजाने मांडलेल्या गाऱ्हाण्याची प्रत त्यांनी मागविली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले.

सोलापूरकरांस हे चरित्र परके नाही. मे १९२४ मध्ये बार्शीच्या बहिष्कृत परिषदेस ते उपस्थित होते. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपले वसतिगृह उघडले, ते आपल्याच सोलापुरात. सभेच्या आश्रयाने विद्यार्थी 'सरस्वती विलास' हे मासिकही चालवीत. ज्यांच्या वडिलांस शाळेची पायरी चढू दिली नव्हती, त्यांची मुले लेख लिहू लागली!

जुळे सोलापुरातील नव्या इमारतींत राहणाऱ्या सुशिक्षितांस व पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. पैसे पुढे केलेले असता जाहिरात नाकारणे आणि भाडे पुढे केलेले असता आडनाव ऐकून खोली नाकारणे, यांत तत्त्वतः काडीचा भेद नाही. तसबिरीस हार घालणे सोपे आहे. परंतु ज्याने मुक्यांस वाणी दिली त्याचे स्मरण करावयाचे, तर ती वाणी आपल्याविरुद्ध बोलत असतानाही शांतपणे ऐकून घेण्याची तयारी हवी. ती तयारी आपणांत आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.