शेजारचा रुपया आणि सी. डी. देशमुख

सोलापुरात आमचे टॉवेलचे पॉवरलूम आहेत. एकदा दुबईच्या पार्टीचं पेमेंट डॉलरमध्ये यायचं होतं. यायला उशीर झाला, तोवर डॉलर उतरला आणि वडिलांचा नफा गेला. माल आपला, गिऱ्हाईक दुबईचं, मग मध्ये अमेरिकेचं चलन कशाला? हा प्रश्न घेऊन मी हॉस्टेलवर आलो आणि लायब्ररीत मला सी. डी. देशमुख भेटले.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. मॅट्रिकला पहिले, आयसीएसलाही पहिले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ साली ब्रेटन वूड्स परिषदेलाही गेले.

फाळणीनंतरही जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचं चलन आपली रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. म्हणजे एकाच गव्हर्नरकडे दोन देशांचा रुपया! पुढे वाटा वेगळ्या झाल्या. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही. त्यांच्या १०० रुपयांना आपले १४४ मोजायचे, हे भारताला मान्य होईना. व्यापार अडला. ताग पूर्व बंगालात आणि गिरण्या कलकत्त्याला, अशी पंचाईत झाली.

१९५० साली देशमुख अर्थमंत्री झाले. फेब्रुवारी १९५१ च्या व्यापार करारात भारताने शेवटी तो दर मान्य केला आणि रखडलेल्या व्यापाराला वाट मिळाली. मला वाटतं, इथे मान खाली घालण्यासारखं काही नव्हतं, उलट शहाणपणच होतं.

पण हा माणूस नमतं घेणारा नव्हता हं! मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे हे अर्थतज्ज्ञ २ ऑक्टोबर १९८२ रोजी गेले.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराचे पैसे रुपयात चुकवायची वाट मोकळी केली. परदेशी बँकेने आपल्या बँकेत रुपयाचं व्होस्ट्रो खातं उघडायचं, हिशोब त्यातून. २०२३ साली रुपया-दिरहॅम व्यवहारांसाठी अमिरातीशी करारही झाला. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, चलन कुठलंही असो, दर दोघांना पटला पाहिजे. देशमुखांचं चरित्र न वाचताच त्यांना ते कळलं होतं!