वाल्डेमार हाफकिन : परळच्या प्रयोगशाळेमागचा माणूस

हाफकिन हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. सर्पदंशावरील औषधामुळे, पोलिओच्या डोसामुळे किंवा परळच्या संस्थेमुळे ते आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेले आहे. परंतु हे ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ कोण, कोठले आणि या शहराशी त्यांचा संबंध कसा आला, हे सांगू शकणारे फार थोडे आढळतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने आमच्या वाचकांना त्यांचा परिचय करून द्यावा, असे आम्हांस वाटले. जन्माच्या आधारावर ज्यांच्यापुढे विद्येची दारे लोटली गेली, तरीही ज्यांनी विद्येची साथ सोडली नाही, अशा माणसाची ही कथा आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांना ती परकी वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा शोध पुढे याच मेचनिकॉव्ह यांनी लावला. त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले होत. 1881 च्या सुमारास ओडेसात अशा दंगली उसळल्या, तेव्हा तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले. जखमी झाले आणि तुरुंगातही गेले. गुरूंच्या रदबदलीमुळे त्यांची सुटका झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर अध्यापकाच्या जागेसाठी त्यांची योग्यता निर्विवाद होती. परंतु त्यासाठी स्वधर्म सोडून राज्याचा धर्म स्वीकारावा लागणार होता. हाफकिन यांनी ती अट नाकारली आणि काही वर्षे शहरातील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात साध्या जागेवर काम केले.

1888 मध्ये त्यांनी मायदेश सोडला. जिनिव्हात काही काळ शिकवून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तेथे जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. दिवसभर पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम होता.

त्या वेळी जगाला ग्रासणारा रोग होता पटकी, म्हणजेच कॉलरा. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला होता, पण त्याला अडवण्याचा उपाय हाती नव्हता. लस म्हणजे शरीराला शत्रूची आधीच ओळख करून देणे होय. दुर्बळ केलेले वा मारलेले जंतू शरीरात गेले की रोग होत नाही, पण शरीर ती खूण लक्षात ठेवते आणि खरा हल्ला होताच त्वरेने प्रतिकार करते. अडचण होती ती जंतूचा जोर मोजूनमापून ठरवण्याची. हाफकिन यांनी गिनीपिग या प्राण्यांच्या शरीरातून जंतू एकामागून एक असे अनेक वेळा नेऊन त्याची तीव्रता वाढवली आणि दुसरीकडे उष्णतेने ती घटवली. प्रथम दुर्बळ जंतूंची व काही दिवसांनी तीव्र जंतूंची, अशी दोन टप्प्यांची लस त्यांनी सिद्ध केली. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, त्यांची त्यांनी शांतपणे नोंद केली आणि काही दिवसांत ते बरे झाले.

लस खरोखर उपयोगी आहे की नाही, हे जेथे पटकी दरवर्षी येते तेथेच कळणार होते. लॉर्ड डफरिन हे भारताचे माजी व्हाइसरॉय तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन 1893 च्या मार्च महिन्यात कोलकात्यास आले. ते वैद्यकातील पदवीधर नव्हते, इंग्रज नव्हते, शिवाय ज्यू होते. सरकारी वैद्यकीय वर्तुळाने त्यांच्याकडे संशयानेच पाहिले. सुई घेऊन आलेल्या या परक्याकडे लोकही भीतीने पाहत. भारतीय डॉक्टरांनी साथ दिली, लोकांसमक्ष स्वतः लस घेतली, तेव्हा कोठे वस्त्यांतील माणसे पुढे आली. 1894 मध्ये कोलकात्याच्या काठालबागान या वस्तीत सुमारे 200 रहिवाशांपैकी 116 जणांना लस टोचली गेली. त्यानंतर तेथे 10 जणांना पटकी झाली व त्यांतील 7 जण मरण पावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच पाण्यावर, एकाच गल्लीत राहणाऱ्या माणसांची अशी तुलना करणे, हेच हाफकिन यांच्या पद्धतीचे मर्म होते.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. शहर रिकामे होऊ लागले. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले आणि ऑक्टोबरात ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी रात्रंदिवस काम केले. हाताखालच्या माणसांपैकी काही जण त्या ताणाने खचले, काही सोडून गेले. काचेच्या चंबूतील मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्याखाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानी आले. लोकांच्या श्रद्धा दुखावू नयेत म्हणून त्या रसासाठी बकऱ्याचे मांस वापरले गेले. पुरेशी वाढ झाली की उष्णता देऊन जंतू मारायचे आणि तेच लस म्हणून टोचायचे, अशी ही रीत होती. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी पुढे ठरलेल्या मात्रेहून कितीतरी मोठी मात्रा स्वतःच्या शरीरात घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली आणि तिचा गुण तेथे दिसून आला.

येथे आम्हांस थांबून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या प्रयोगशाळेत लस सिद्ध होऊन तेव्हा बरोबर दोन महिने झाले होते. एखादा शोध लागणे आणि तो गरजूच्या दारी पोहोचणे या दोहोंमधील अंतर माणसांच्या प्राणांनी मोजले जाते, हे या दोन तारखा आपल्याला सांगतात.

1898 मध्ये बडोद्याजवळील उंधेरा गावी हाफकिन यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या माणसांना लस दिली. लस घेतलेल्या 71 जणांपैकी 8 जणांना प्लेग झाला व 3 दगावले. न घेतलेल्या 64 जणांपैकी 27 जणांना तो झाला व 26 दगावले. लस पूर्ण कवच नव्हे, हेही या आकड्यांत दिसते आणि ती किती प्राण वाचवते, हेही दिसते. परंतु यांतील प्रत्येक आकडा म्हणजे त्याच छपराखालचा कोणीतरी भाऊ, कोणीतरी आई होती, याचा विसर पडू नये. आज अशा प्रयोगांना फार कडक नियम आहेत, आणि ते असलेच पाहिजेत.

10 ऑगस्ट 1899 रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन कीर्तीच्या शिखरावर होते. तेथूनच त्यांची घसरण झाली, तीही स्वतःच्या दोषाविना. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी 19 जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, आणि हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. दोष परळहून आलेल्या लशीत असण्यापेक्षा तो बाटली उघडताना शिरला असण्याचाच संभव अधिक होता. तरीही हे मान्य व्हायला पाच वर्षे लागली. मलेरियावरील शोधासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रातून जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

ते पुन्हा भारतात आले, पण परळला नव्हे, तर कोलकात्यास. तेथे त्यांना मोठे काम करू दिले गेले नाही. पंचावन्नाव्या वर्षी नियमानुसार ते निवृत्त होऊन युरोपात परतले. ते आजन्म अविवाहित राहिले. उत्तरायुष्यात आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू विद्यालयांसाठी निधी करून ठेवली. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. 1897 ते 1925 या काळात त्यांच्या प्लेगच्या लशीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा मुंबईहून रवाना झाल्या. भारत सरकारने 1964 मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले.

प्लेगने मुंबईचे रूपही पालटले. साथीनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. हाफकिन यांची प्रयोगशाळाही त्याच परळमध्ये आहे. आमच्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, मुलांना बाबासाहेबांची ती चाळ दाखवावयास नेताना या प्रयोगशाळेची वास्तूही आवर्जून दाखवावी आणि तिच्यावरील नाव कोणाचे आहे, ते सांगावे. धर्म बदलला तर नोकरी मिळेल, असे ज्यांना सांगण्यात आले, ग्रंथालयातील मदतनिसाची जागाही ज्यांनी कमी मानली नाही आणि दुसऱ्याच्या दंडाला सुई लावण्याआधी जिने आपल्या शरीरावर ती चालवली, अशा या व्यक्तीला आम्ही कृतज्ञतापूर्वक अभिवादन करतो.