लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, १८६९ – २६ सप्टेंबर, १९५६) हे मराठी उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. भारतीय शेतीसाठी लोखंडी नांगर तयार करणाऱ्या आरंभीच्या कारखानदारांत त्यांची गणना होते. त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी ही देशातील जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक आहे.

जन्म व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. लहानपणापासून त्यांना चित्रकला आणि यंत्रे या दोन्हींची ओढ होती. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात दाखल झाले. परंतु काही रंगांतील फरक आपल्याला ओळखता येत नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. रंगकाम सोडून त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे अध्यापन केले.

बेळगावातील व्यवसाय

१८८८ साली बेळगाव येथे सुरू झालेले सायकलींचे दुकान हा किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मानला जातो. थोरले बंधू रामुअण्णा दुकान सांभाळत असत. अध्यापनाची नोकरी सोडल्यावर लक्ष्मणरावही बेळगावास आले. सायकलींच्या विक्रीबरोबरच त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि नांगर तयार करण्यास प्रारंभ केला.

लोखंडी नांगर

त्या काळी दख्खनमध्ये लाकडी नांगर सर्वत्र वापरात होता. त्याचा फाळ तेवढा लोखंडी असे. हा नांगर जमीन चिरत जाई, मात्र माती उलटवीत नसे. किर्लोस्करांच्या नांगरात फाळामागे माती पलटवणारा वक्र पत्रा होता. खालची माती वर आल्याने हरळी, कुंदा यांसारख्या तणांची मुळे उघडी पडून उन्हात वाळत.

उपयुक्त असूनही या नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. प्रत्यक्ष वापरातून अनुभव आल्यावर हा समज हळूहळू मागे पडला आणि मागणी वाढू लागली.

जुन्या वाड्यांत व गोठ्यांत पडून असलेल्या अवजारांमध्ये या दोन प्रकारांतील फरक सहज ओळखता येतो. लाकूड कुजून गेलेल्या देशी नांगराचा केवळ फाळ शिल्लक राहतो, तर लोखंडी नांगराचा सांगाडा आणि वक्र पत्रा टिकून असतो. बिडाच्या ओतीव भागावर कारखान्याचे नाव असल्यास तेही कामी येते. साच्यातच घेतलेली अशी अक्षरे पृष्ठभागावर उठावदार दिसतात आणि गंज चढल्यावरही बऱ्याचदा वाचता येतात.

किर्लोस्करवाडी

व्यवसायाला स्थैर्य येत असतानाच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. या अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड माळावर १९१० साली कारखाना व वसाहत उभी राहिली. पुढे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे.

वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नसावा, हा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी काम दिले आणि काहींवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवली.

महायुद्ध आणि विस्तार

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशातून येणाऱ्या लोखंडाचा पुरवठा तुटला आणि ओतशाळा बंद पडण्याची वेळ आली. त्या वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील वापरात नसलेल्या जुन्या तोफा उपलब्ध करून दिल्या. त्या वितळवून मिळालेल्या धातूतून नांगर घडले व कारखाना चालू राहिला.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक आकारास आले. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, पाण्याचे पंप आणि लोखंडी फर्निचर यांचे उत्पादन होऊ लागले. अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन आलेले लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी नंतरच्या काळात उद्योगाचा विस्तार केला.

निधन व स्मृती

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर, १९५६ रोजी निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २० जून, १९६९ रोजी टपाल तिकीट प्रसिद्ध केले. त्यावर लक्ष्मणरावांच्या चित्रासोबत नांगराचे चित्र आहे.