काचेतला समुद्र : फिलिप हेन्री गॉस

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना गॉस हे आडनाव ठाऊक असते ते एडमंड गॉस या इंग्रज समीक्षकामुळे. १९०७ साली प्रसिद्ध झालेले त्याचे ‘फादर अँड सन’ हे आत्मकथन इंग्रजी गद्यातील नामवंत ग्रंथांत गणले जाते. पण त्यातला बाप कोण होता, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मी ती केली, आणि माझ्यापुरता तरी मुलापेक्षा बापच अधिक मोठा ठरला. काचपेटीत समुद्राचे पाणी भरून त्यात खेकडे व समुद्रपुष्पे जिवंत ठेवण्याचा छंद ज्याने इंग्लंडात घरोघरी नेला, तो हा फिलिप हेन्री गॉस.

त्याचा जन्म १८१० साली वुस्टर येथे झाला. बालपण पूल या बंदरात गेले. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवीत. घरी दारिद्र्य होते, पण बारीक रेघेचा हात मुलाने वडिलांकडून उचलला. सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, तो न्यूफाउंडलंडमधील कार्बोनिअर येथे एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून गेला. तेथे त्याला कीटकांचे वेड लागले. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. १८३८ साली अलाबामात मास्तरकी केली. १८४४ ते १८४६ या काळात जमेकात राहून पक्ष्यांचा अभ्यास केला. विद्यापीठाची पायरी न चढलेला हा माणूस केवळ पाहून पाहून शास्त्रज्ञ झाला.

१८४८ साली एमिली बोज या धर्मनिष्ठ लेखिकेशी त्याने विवाह केला. पुढच्याच वर्षी एडमंड जन्मला. दोघेही बायबलचे अक्षरन् अक्षर सत्य मानणारी. अतिश्रमाने प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ साली गॉस डेव्हनच्या किनाऱ्यावर येऊन राहिला. येथूनच त्याच्या आयुष्याला खरे वळण लागले.

समुद्रातून काढलेला जीव भांड्यातल्या पाण्यात फार काळ टिकत नसे. पाणी कुजे, आणि अभ्यासकाच्या हाती मेलेले, रंग उडालेले कलेवर तेवढे उरे. गॉसने भांड्यात प्राण्यांबरोबर जिवंत समुद्रवनस्पती ठेवल्या व त्यांना उजेड दिला. वनस्पतींनी सोडलेल्या प्राणवायूवर प्राणी जगू लागले. या प्रयत्नात तो पहिला नव्हता. सिसिलीत झान विलप्रू-पॉवर या विदुषीने, लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी आणि रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने असे प्रयोग केले होते. वाळूतील सूक्ष्म जंतूही पाणी शुद्ध ठेवतात, हे तर फार पुढे कळले. गॉसचे श्रेय असे, की ही विद्या त्याने सामान्य माणसाच्या हाती दिली. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यासाठी त्याने डेव्हनहून जीव पुरविले. १८५४ साली ‘दि ॲक्वेरियम’ हा त्याचा सचित्र ग्रंथ निघाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी चार क्षार मिसळून खारे पाणी बनविण्याची कृतीही त्याने त्याच वर्षी दिली. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची पूर्वपीठिका शोधत गेलो, तर आपण याच काळापाशी पोहोचतो.

पाठीवर मुखवट्यासारखी आकृती असलेला एक खेकडा तिकडे वाळूत स्वतःला पुरून घेतो. त्याच्या शृंगिका अंगाच्या मानाने फार लांब असतात. त्या कशासाठी, याचे उत्तर मेलेल्या खेकड्याकडून मिळण्यासारखे नव्हते. गॉसने टाकीत वाळू घालून तो पाळला. तेव्हा दिसले, की खेकडा उभा गाडला जातो आणि केसाळ शृंगिका एकमेकींना जुळून वाळूतून वरच्या पाण्यापर्यंत एक नळी तयार होते. या नळीवाटे कल्ल्यांतले वापरलेले पाणी बाहेर पडते, असा त्याने निष्कर्ष काढला. १८९६ साली वॉल्टर गारस्टँगने दाखविले, की वाळूत असताना प्रवाह उलटा, म्हणजे आत येतो. निष्कर्ष सुधारला गेला, पण नळी गॉसनेच पाहिली होती. १८५९ साली त्याने आणखी एक नवल टिपले. दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा घर बदलताना आपल्या सोबतीचे समुद्रपुष्प नांग्यांनी सोडवून नव्या शंखावर लावून घेतो!

१८५६ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. मात्र १८५७ च्या फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी त्याने ‘ऑम्फॅलॉस’ लिहिले. देवाने पृथ्वी निर्माण केली ती जीवाश्मांसह, जणू जुनीच असावी अशी, हे त्याचे प्रतिपादन होते. शास्त्रज्ञांनी ते नाकारले, आणि धार्मिकांनाही ते रुचले नाही. श्रद्धा आणि डोळे यांपैकी एकही त्याला सोडवत नव्हते. यात मला हास्यास्पद काही वाटत नाही, करुण मात्र वाटते.

याहून मोठे दुःख त्याच्या यशातच होते. त्याची पुस्तके वाचून लोक आगगाडीने किनाऱ्यावर लोटले. ओहोटीच्या वेळी खडकांतली डबकी उपसली गेली. पिशव्या, बरण्या भरल्या. त्यांतले कितीतरी जीव घरी पोहोचून मेलेच असतील. बापाबरोबर ज्या डबक्यांत एडमंड लहानपणी वाकून पाहत असे, ती काही वर्षांतच उजाड झाली. या नाशाला आपली पुस्तके कारण झाली, याची खंत गॉसला होती, असे मुलानेच नोंदविले आहे. १८८८ साली सेंट मेरीचर्च येथे त्याचे निधन झाले.

लोकांना एखाद्या गोष्टीवर प्रेम करायला शिकवावे आणि त्या प्रेमानेच ती गोष्ट संपावी, यापेक्षा शिक्षकाला मोठे शासन कोणते? आपल्या कोकणच्या वाळूतही ओहोटीला खेकड्यांची असंख्य बिळे दिसतात. तो खेकडा घरी न्यायचाच, तर अंग पुरता येईल इतकी खोल वाळू, खारे, हवेशीर पाणी आणि रोजची निगा त्याला द्यावी लागेल. तेवढी तयारी नसेल, तर बिळाशेजारी गुपचूप बसावे. पाहण्याचा धडा गॉसने दिलाच आहे. तो काचेवाचूनही गिरवता येतो.