गॅरिबाल्डी : एका राष्ट्राचा शिल्पकार आणि एक अपुरा प्रश्न

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास शिकवताना आम्ही जोसेफ गॅरिबाल्डीच्या चरित्रापाशी नेहमी थांबतो. त्यात पराक्रम आहे, त्याग आहे आणि एक अपुरा राहिलेला प्रश्नही आहे.

४ जुलै १८०७ रोजी नीस येथे एका दर्यावर्दी कुटुंबात त्याचा जन्म झाला. मॅझिनीच्या विचारांनी भारावून तो १८३४ च्या उठावात सामील झाला. उठाव फसला, देहदंडाची शिक्षा झाली आणि त्याने दक्षिण अमेरिकेचा आश्रय घेतला. तेथील प्रजासत्ताकांसाठी लढताना तो गनिमी युद्ध शिकला. अनिता ही शूर सहचारिणी त्याला तेथेच लाभली. १८४९ मध्ये रोमचे प्रजासत्ताक कोसळल्यानंतरच्या माघारीत तिचे निधन झाले.

मे १८६० मध्ये सुमारे एक हजार स्वयंसेवकांसह तो सिसिलीत उतरला. लढणाऱ्यांना गावच्या सामाईक जमिनीत वाटा देण्याचे फर्मान त्याने काढले. भूमिहीनांच्या आशा पालवल्या. मात्र ऑगस्टमध्ये ब्रोंते गावी शेतकरी जमिनीसाठी उठले, रक्तपात झाला आणि गॅरिबाल्डीचाच सहकारी बिक्सिओ याने पाच जणांना गोळ्या घालून मारले. मुक्तिदात्याच्या सैन्याने जमीनदारी व्यवस्थाच राखली, हे कटू सत्य आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवत नाही.

सप्टेंबरमध्ये नेपल्स जिंकल्यावर सारा दक्षिण प्रदेश राजा व्हिक्टर इमॅन्युएलच्या हाती सोपवून तो काप्रेरा बेटावर शेती करण्यास परतला. १८६१ मध्ये इटलीचे राज्य घोषित झाले. मताधिकार मात्र शंभरांत जेमतेम दोघांना होता. त्याच वर्षी अमेरिकेने यादवी युद्धासाठी सेनानीपद देऊ केले, तेव्हा त्याने गुलामगिरी नष्ट करण्याच्या घोषणेचा आग्रह धरला. संसद सदस्य म्हणूनही तो सत्ताधाऱ्यांशी झगडला आणि उतारवयात सार्वत्रिक मताधिकारासाठी झटला. २ जून १८८२ रोजी काप्रेरा येथे त्याने देह ठेवला. दहनाची त्याची अखेरची इच्छाही पाळली गेली नाही.

नकाशा जोडल्याने माणसे जोडली जात नाहीत. राजकीय समतेखाली सामाजिक व आर्थिक विषमता तशीच राहिली, तर लोकशाहीची इमारत धोक्यात येते, असा इशारा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ब्रोंतेचा शेतकरी त्या इशाऱ्याची साक्ष आहे. या वसतिगृहातून शिकून मोठ्या पदांवर गेलेल्या आमच्या मुलामुलींनी त्या शेतकऱ्याला विसरू नये, एवढीच आमची अपेक्षा.